प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो? लहान मुलांचं शिकणं आणि आपलं शिकवणं

ओंजळ:
तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवायला लागून मला १४ वर्षं झाली. इतक्या वर्षांनी वर्गातल्या एका मुलीनं मला माझ्याच शिकवण्याकडे नीट बघायला लावलं, म्हणून हा धागा.

साडेतीन वर्षांची आहे. एक ते वीस घडाघडा म्हणते. मी तिच्यापुढे मण्यांची वाटी ठेवली आणि म्हटलं, "मला पाच मणी दे." तिनं मूठ भरून माझ्या तळहातावर ठेवले. "मोजून बघूया?" एकेका मण्यावर बोट टेकवत, एकही न गाळता, एकही दोनदा न मोजता तिनं आठपर्यंत मोजलं. "मग हे पाच आहेत का?" "हो," अगदी खात्रीनं.

"अगं, हे तर आठ झाले!" हे माझ्या ओठांवर आलं होतं. का कोण जाणे, गिळलं. म्हटलं, "बरं, दोन दे." दोन दिले, अगदी बरोबर. "आता तीन दे." पुन्हा मूठ.

म्हणजे वीसपर्यंत आकडे म्हणणाऱ्या या मुलीला संख्या कळत होत्या दोनच. नंतर वाचायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की यात नवल काहीच नाही. कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास नेमकी हीच कृती, 'मला इतके दे', वापरून अभ्यास केला होता. मूल आधी फक्त 'एक'चा अर्थ शिकतं, काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा. यात वर्षभर सहज जातं. त्यानंतर कधीतरी त्याला उमगतं की मोजताना शेवटी जो आकडा येतो तोच त्या ढिगाचा आकडा, आणि मग चार, पाच, सहा सगळं एकदम खुलतं. त्याआधी एक-दोन-तीन ही त्याच्यासाठी गाण्याच्या ओळीसारखी एक माळ असते. आणि आपण ती माळ ऐकून म्हणतो, याला आकडे येतात!

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांना विचारून मी माझा एक तास फोनवर ध्वनिमुद्रित केला. घरी ऐकताना वाईट वाटलं. प्रश्न विचारते आणि उत्तराचं पहिलं अक्षरही मीच पुरवते. "हा कुठला रंग? पि... पि..." आणि सगळा वर्ग एका सुरात "पिवळाऽऽ". विचार करायला कुणाला सवडच नाही. घड्याळ लावून पाहिलं, प्रश्न आणि माझं पुढचं वाक्य यांत एक सेकंदही जात नव्हता.

मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागले, की मुलांची उत्तरं लांबत, न विचारता बोलणारी मुलं वाढत, गप्प राहणं कमी होत असे. ती मुलं माझ्या मुलांहून मोठी होती. माझ्या वयोगटाला तर तीन सेकंदही कमीच पडतील असं मला वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. शिक्षक असाल तर हवेच, आईबाबा असाल तरीही.

पाऊलवाट:
मण्यांचा प्रसंग वाचून लगेच मुलाला बोलावलं. चार वर्षांचा आहे, पन्नासपर्यंत म्हणतो. सहा बटणं दे, म्हटलं तर त्यानं सगळा डबाच पालथा केला. :)

पण ताई, मनात भीती आहे ती विचारते. त्याच्या वयाची काही मुलं अक्षरं लिहायला लागलीत. आमच्याकडे रोज गिरवायची वही येते, एका अक्षराच्या दोन-दोन ओळी. तो रडतो. मी बसवते, कारण आत्ता मागे पडला तर पुढे कसं होणार? थांबायचं म्हणजे नक्की किती थांबायचं?

कवडसा:
सुंदर धागा. मी वाचलं होतं की गरीब घरांतली मुलं तीन वर्षांची होईतो ३ कोटी शब्द कमी ऐकतात. म्हणजे मुलांशी जितकं जास्त बोलू तितकं चांगलं, असंच ना? मग गप्प राहण्यापेक्षा बोलत राहणं बरं नाही का?

सांख्यिक:
कवडसा, तो आकडा फार फिरतो, म्हणून सविस्तर लिहितो. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांचं ते काम, १९९५ साली पुस्तकरूपात आलं. महिन्यातून एकदा तासभर घरात बसून ध्वनिमुद्रण, मुलं तीन वर्षांची होईपर्यंत. किती चिकाटीचं काम! पण कुटुंबं होती एकूण ४२, आणि त्यातली सरकारी मदतीवर जगणारी फक्त ६. त्या तासांवरून गुणाकार करत चार वर्षांच्या वयापर्यंतचा (तीन नव्हे) ३ कोटींचा फरक काढला. पुढे २०१८मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये पाहणी केली तेव्हा एवढी दरी दिसली नाही. आजूबाजूची माणसं, भावंडं यांचं बोलणंही धरलं तर चित्र आणखी बदलतं.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसऱ्या अभ्यासात आहे. रेचेल रोमियो आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं नोंदवलं आणि मग गोष्ट ऐकताना त्या मुलांच्या मेंदूची चित्रं घेतली. भाषेशी संबंधित भागातल्या हालचालीचा संबंध मोठ्यांनी किती शब्द बोलले याच्याशी लागला नाही. तो लागला बोलण्याच्या पाळ्यांशी: मी बोललो, तू बोललास, मी बोललो. घरची आर्थिक स्थिती जमेस धरूनही तो टिकला.

३६ मुलं म्हणजे फार नव्हेत आणि हा परस्परसंबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हे सांगणं माझं कर्तव्य. तरी ओंजळताई जे म्हणतायत त्याच्याशी ते जुळतं. आपण गप्प बसल्याशिवाय समोरच्याची पाळी येत नाही.

ओंजळ:
सांख्यिक, मनापासून आभार. 'बोलण्याच्या पाळ्या' हा शब्द मी उचलला.

पाऊलवाट, तुमच्या लेकाचं रडणं वाचून पोटात तुटलं. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पण दोन गोष्टी सांगते.

पहिली गिरवण्याबद्दल. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणारी पाच वर्षांची १५ मुलं. त्यांनी काही अक्षरं स्वतःच्या हातानं मोकळी काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर दाबली. मग एमआरआय यंत्रात ती अक्षरं दाखवली. वाचताना मेंदूतले जे भाग कामाला लागतात, ते जागे झाले मुलांनी मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्या अक्षरांना तसं झालं नाही! माझा अंदाज असा की मोकळ्या हातानं काढलेलं अक्षर दर वेळी वेगळं येतं, वेडंवाकडं, कधी पोट मोठं, कधी काना तिरका. यातूनच मुलाला कळत असावं की एवढं वेगळं दिसूनही हे अक्षर तेच. ठिपक्यांवर ते ठरावीकच येतं. अभ्यास लहान आहे, सांख्यिक लगेच सांगतीलच. पण मी माझ्या वर्गात गिरवणं जवळपास बंद केलं. मुलं जमिनीवर खडूनं हातभर मोठी अक्षरं काढतात, ओल्या फडक्यानं पुसतात. दंडातून, खांद्यातून. बोटांची तयारी ठोकळे, चिकणमाती, कात्री, गाठी सोडवणं यांतून होते.

दुसरी गोष्ट मागे पडण्याची. न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या आणि सातव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलांची तुलना केली (२०१३). सुरुवातीला अर्थातच लवकरवाले पुढे. दहा-अकराव्या वर्षापर्यंत वाचनाच्या वेगातला फरक पुसला गेला होता आणि समजून वाचण्यात उशिरा सुरुवात केलेली मुलं थोडी सरसच होती. याचा अर्थ सात वर्षांपर्यंत काहीच करू नये असा नाही. ती मुलं तोवर गोष्टी ऐकत होती, खेळत होती, बोलत होती. तुमचा चार वर्षांचा लेक मागे पडलेला नाही, एवढं मात्र मी खात्रीनं सांगते. वहीच्या दोन ओळींबद्दल त्याच्या बाईंशी एकदा बोला. बऱ्याचदा त्यांनाही ती वही नको असते.

बाबा_दोघांचा:
आमची दीड वर्षांची धाकटी फोनवरच्या व्हिडिओतून प्राण्यांची नावं शिकते असं आम्हाला वाटत होतं. व्हिडिओतला 'हत्ती' म्हटलं की तीही म्हणते. चित्राच्या पुस्तकात दाखवला तर ओळखत नाही. हे काय आहे?

सांख्यिक:
याच्या जवळ जाणारा एक फार सुरेख प्रयोग आहे. पॅट्रिशिया कूल, २००३. नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं, कानावर फक्त इंग्रजी. काहींना बारा बैठकांत चिनी बोलणारी माणसं भेटली: समोर बसून पुस्तक वाचणारी, खेळणी दाखवणारी, डोळ्यांत बघणारी. काहींना त्याच माणसांचं तेवढंच बोलणं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. समोरासमोर भेटलेल्या बाळांना चिनीतले ते बारीक ध्वनिभेद ओळखता आले. पडदावाल्यांना आणि नुसतं ऐकणाऱ्यांना काहीच नाही. शब्द तेच, माणसंही तीच.

याच्या पुढचा धागा म्हणजे २०१४चा रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिन्कॉफ यांचा प्रयोग. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून ती शिकली, आधी भरून ठेवलेल्या व्हिडिओतून नाही. तेव्हा अडचण काचेची नाही. कॉलवरचा माणूस मूल बोललं की थांबतो, त्याला उत्तर देतो. व्हिडिओ थांबत नाही. तुमची लेक दूरच्या आजीशी कॉलवर बोलत असेल तर ते खुशाल चालू ठेवा.

बाबा_दोघांचा:
हे आजच घरी वाचून दाखवतो. धन्यवाद.

कवडसा:
मला आता वाटायला लागलंय की शिकवूच नये. २०११चा एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा खेळण्याचा प्रयोग आठवला. एका खेळण्यात चार गमती लपवलेल्या: एक नळी ओढली की आवाज, कुठे दिवा, कुठे सूर, एका नळीत आरसा. काही मुलांना मोठ्या माणसानं मुद्दाम सांगितलं, "बघ हं, हे असं चालतं," आणि आवाज काढून दाखवला. काहींसमोर तोच आवाज चुकून झाल्यासारखं केलं, "अरे, हे काय झालं!" ज्यांना 'शिकवलं' ती मुलं आवाज काढत बसली आणि लवकर कंटाळली. बाकीच्यांनी जास्त वेळ खेळून इतर गमतीही शोधल्या. मग मुलांना सोडून द्यावं, हेच खरं ना?

जुन्या_बाई:
नाही हो कवडसा, तिथे गफलत होते. मी ३१ वर्षं शिकवून निवृत्त झालेय, दोन्ही टोकं पाहिली आहेत. एक काळ असा गेला की सगळं घोकून. मग वारं फिरलं आणि काही वर्गांत सगळं मोकळं, बाई कोपऱ्यात बसून नोंदी लिहितायत. मोकळ्या वर्गात जी मुलं घरून शिकून येत ती फुलायची. जी येत नसत ती वर्षभर तोच एक कोपरा, तीच एक गाडी घेऊन बसायची. त्यांच्या बाजूला जाऊन बसणं हे माझं काम होतं, आणि मी सुरुवातीला ते केलं नाही याची मला आजही खंत आहे.

त्रिकोणाचं सांगते. मुलांना त्रिकोण विचारा. तळावर बसलेला, दोन्ही बाजू सारख्या असलेला दाखवतील. तोच उलटा करा, टोकावर उभा करा, लांब निमुळता काढा, म्हणतील "हा नाही, हा पडलाय." केली फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला मोठ्यानं नीट समजावून सांगितलं, मुलं नुसती बघत होती. दुसऱ्याला आकार आणि काड्या देऊन मोकळं सोडलं. तिसऱ्यात मोठा माणूस मुलांबरोबर शोधायला बसला: "या सगळ्यांचं काहीतरी गुपित सारखं आहे, काय असेल?" बाजू, कोपरे मुलांनीच मोजले. पडलेला त्रिकोणही त्रिकोणच, हे सगळ्यात चांगलं कळलं ते तिसऱ्या गटाला, आठवड्यानंतरही. मोकळं सोडलेल्यांना जवळपास काहीच नाही.

तेव्हा बाईनं ठरवून यावं, साहित्य ठरवून मांडावं, आपल्याला कुठे न्यायचंय हे तिला पक्कं माहीत असावं. फक्त शेवटचं पाऊल मुलाचं असू द्यावं. ओंजळ, तू 'दोन दे' म्हणालीस ना, ते नुसतं थांबणं नव्हतं बाळा. ते उत्तम शिकवणं होतं. कुठे अडलंय ते तू एका प्रश्नात शोधलंस.

ओंजळ:
बाई, हे वाचून डोळे भरून आले. आणि तुमचं म्हणणं सोळा आणे पटलं. मी धाग्याच्या नावात 'थांबणं' म्हटलं, पण आधी नेमका प्रश्न हवा.

सांख्यिक:
जुन्या बाईंच्या म्हणण्याला मोठ्या अभ्यासांचाही आधार आहे. १९६२ ते ६७ दरम्यान अमेरिकेत इप्सिलँटी इथे झालेला पेरी प्रकल्प: १२३ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागलेली. एका गटाला चांगला शिशुवर्ग आणि दर आठवड्याला शिक्षिकेची घरी भेट. बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत विरली. पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा त्यांची कमाई जास्त, अटका कमी. दुसरीकडे टेनेसी राज्याचा सरकारी शिशुवर्ग: जवळपास ३ हजार मुलं, तीही सोडतीनं निवडलेली. वर्षाअखेरीस आघाडी होती, पण २०२२मध्ये सहावीपर्यंतचे निकाल आले तेव्हा ती मुलं वर्गात न गेलेल्या मुलांच्या मागे होती. कारणांवर अजून वाद आहे. पण 'लवकर शाळेत घातलं की झालं' असं यापुढे कुणी म्हणू नये. आत काय घडतं ते महत्त्वाचं.

गर्दीतली_शिक्षिका:
सगळं वाचलं, सगळं पटलं. पण माझ्या वर्गात ३८ मुलं आहेत आणि मी एकटी. एकासाठी पाच सेकंद थांबले तर सदतीस जण उठतात. पेरीमध्ये एका शिक्षिकेमागे किती मुलं होती? हे सगळं छोट्या वर्गांचंच आहे असं वाटून निराश होते.

ओंजळ:
ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. तिथे पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती. ३८ मुलांमागे एक बाई हा तुमचा दोष नाही आणि कुठल्याही युक्तीनं तो अन्याय झाकू नये.

तरी माझ्याकडे २९ असताना जे जमलं ते लिहिते. मोठ्या गटात मी प्रश्न विचारते आणि म्हणते, "उत्तर पोटात ठेवा, शेजाऱ्याच्या कानात सांगा." एकदम चौदा-पंधरा जोड्या बोलायला लागतात. गोंगाट होतो, पण तो कामाचा. एरवी हात वर करणारी तीच चार मुलं बोलतात, इथे सगळ्यांची पाळी येते. आणि रोज फक्त चार मुलं ठरवून घ्यायची, ज्यांच्यापाशी मी दोन-तीन मिनिटं खरोखर बसणार. बाकीची खेळात असताना. दोन आठवड्यांत सगळी होतात. वहीत एकेका मुलासमोर एकच ओळ: 'दोन कळतात', 'यमक सापडतं', 'आज पहिल्यांदा स्वतःहून बोलला'.

जुन्या_बाई:
गर्दीतल्या ताईंसाठी आणखी एक. सापशिडीऐवजी एक ते दहा घरांची सरळ पट्टी करा, डावीकडून उजवीकडे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी यांनी अशाच पट्टीवर गरीब घरांतल्या मुलांना दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव खेळवले. संख्यांची समज स्पष्ट वाढली. रंगांच्या पट्टीवर खेळलेल्यांची नाही. एकच काळजी घ्यायची: सोंगटी चारवर असेल आणि दोन पडले तर मुलानं "एक, दोन" नाही, "पाच, सहा" म्हणायचं. खरी गंमत तिथेच आहे. एकदा शिकवलं की मुलं आपापसांत खेळतात, बाई मोकळी.

गर्दीतली_शिक्षिका:
पट्ट्या उद्याच करते. पुठ्ठे आहेत. दोन्ही ताईंना नमस्कार.

पाऊलवाट:
कळवायचं राहिलं. बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "मलाही नको असतात त्या ओळी, पालक विचारतात म्हणून पाठवते." आता वही फक्त शनिवारी येते, तीही कोरी.

आणि रात्रीची गोष्ट. मी सलग वाचत सुटायचे, मध्ये बोललास तर झोपायला उशीर होईल म्हणायचे. काल पुस्तकातलं पान उलटायच्या आधी थांबले. विचारलं, "ही खिडकीतून काय बघत असेल?" आणि खरंच मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार... सातला तो म्हणाला, "तिची आई अजून आली नाही." पुस्तकात आईचा उल्लेख कुठेच नव्हता. मी रोज उशिरा येते. पुढचं पान वाचलंच नाही, आम्ही तेच बोलत बसलो.

कवडसा:
पाऊलवाट... शब्द नाहीत.

ओंजळ:
पाऊलवाट, हे लिहिलंत त्याबद्दल कृतज्ञ आहे. सातपर्यंत थांबलात म्हणून ते बाहेर आलं.

धागा काढला त्या मुलीचं सांगते. पट्टीचा खेळ आणि मणी, दोन्ही रोज थोडं थोडं चालू होतं. आज वाटी पुढे केली, म्हटलं, "तीन दे." तिनं मुठीत धरले, मग मूठ उघडून बघितलं, दोन परत वाटीत टाकले आणि उरलेले एकेक करून माझ्या हातावर ठेवले. तीन. वर बघून हसली.

"चार दे," म्हटलं. मूठ भरून दिले.